प्रॉम्प्ट आणि ऑप्शनचे चिन्ह पाहून जुनी संगणकप्रणाली कशी ओळखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी माध्यमातून शिकून डिप्लोमा किंवा अभियांत्रिकीला गेलेले अनेक विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षी प्रथमच कमांड लाइनसमोर, म्हणजे शब्द टंकून यंत्राला आज्ञा देण्याच्या पडद्यासमोर, बसतात. बेळगावातच १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संगणक अभ्यासक्रमात युनिक्स ही संगणकप्रणाली शिकवली गेली आहे, आणि घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर मात्र बहुधा विंडोज असते. त्यामुळे एका ठिकाणी ऑप्शनपूर्वी, म्हणजे कमांडचे काम बदलणाऱ्या जोडसूचनेपूर्वी, हायफन का लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी स्लॅश का, एके ठिकाणी डॉलर का दिसतो आणि दुसरीकडे ‘सी:\>’ का, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतोच, आणि पाठ करण्यापलीकडे त्याचे उत्तर सहसा मिळत नाही. ऑप्शनची आणि प्रॉम्प्टची, म्हणजे यंत्र आज्ञेची वाट पाहत असल्याच्या खुणेची, ही चिन्हे यादृच्छिक नाहीत. कोणती प्रणाली कोणापासून निघाली हे त्यांत टिकून राहिले आहे, आणि ती कशी वाचावीत हे येथे क्रमाने सांगितले आहे. कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष यंत्रावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्यात.

पहिली पायरी: प्रॉम्प्ट पावती आहे की निमंत्रण, हे पाहावे

यंत्राने छापलेला मजकूर झालेल्या कामाचा अहवाल देतो की पुढच्या कामासाठी नुसती जागा दाखवतो, हे प्रथम ठरवावे. सर्वांत जुनी टाइमशेअरिंग (एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची) यंत्रणा पहिल्या प्रकारची होती. फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली एमआयटीमध्ये तयार झालेली सीटीएसएस ही यंत्रणा नोव्हेंबर १९६१ मध्ये प्रथम दाखवण्यात आली. तिच्यात कमांड दिल्यावर यंत्र ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि घड्याळाची वेळ छापत असे, म्हणजे थांबा. आणि काम संपले की ‘आर’ हे अक्षर आणि त्यापुढे अधिकचिन्हाने जोडलेले दोन आकडे छापत असे, म्हणजे तयार, आणि या कामाला यंत्राचा इतका वेळ लागला. संगणकाचा वेळ अतिशय महाग असलेल्या काळात प्रत्येक कमांडनंतर हिशेब हाती देणे स्वाभाविक होते. सीटीएसएसची वारस असलेल्या मल्टिक्सनेही ही पद्धत चालू ठेवली आणि लहान ‘आर’पुढे वेळ व वापराचे आकडे छापले. आयबीएमच्या सीएमएस या यंत्रणेत ‘रेडी’ हा शब्द आणि अर्धविराम येत असे. तो आखूड करून घेतला की ‘आर’ आणि अर्धविराम उरे. १ मे १९६४ रोजी डार्टमथ कॉलेजात सुरू झालेल्या बेसिक या भाषेच्या घराण्यातही ‘रेडी’ हाच शब्द रूढ झाला, आणि १९८२च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकापर्यंत तो पोहोचला.

दुसरा प्रकार एका चिन्हाचा. त्याचे कारण समजण्यासाठी पडदा विसरून कागद डोळ्यांसमोर आणावा लागतो. १९६०च्या दशकातील टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापत असे. ‘रेडी’ या शब्दाच्या पाच रोमन अक्षरांना अर्धा सेकंद जाई, तर एका टिंबाला दशांश सेकंद. शिवाय माणसाने टंकलेले आणि यंत्राने छापलेले एकाच कागदावर, एकाच शाईत उमटत असल्यामुळे, कोणती ओळ माणसाची हे नंतर कागद वाचणाऱ्याला कळावे यासाठी ओळीच्या आरंभी खूण आवश्यक होती. प्रॉम्प्टचे हे दुसरे काम आज आपण विसरलो आहोत. प्रयोगशाळेच्या वहीत कमांडचा निकाल उतरवताना प्रॉम्प्टसह उतरवावा, असा माझा आग्रह त्यामुळेच असतो. चिन्ह गाळले की ती ओळ कोणत्या यंत्रणेत आणि कोणत्या अधिकाराने दिली गेली, ही माहितीच नाहीशी होते.

दुसरी पायरी: चिन्ह वाचावे, पण एकट्या चिन्हावर विसंबू नये

टिंब दिसले तर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या, म्हणजे डेकच्या, यंत्रणेकडे पाहावे: पीडीपी-१० वरील टॉप्स-१०, पीडीपी-८ वरील ओएस/८ आणि पीडीपी-११ वरील आरटी-११ या तिन्हींचा प्रॉम्प्ट टिंब हाच होता. त्याच घराण्यात एखादा प्रोग्रॅम सुरू होऊन फाइलींची नावे मागू लागला की तारका दिसे. म्हणजे टिंब असताना आपण मुख्य यंत्रणेशी बोलत असतो आणि तारका असताना तिच्यातल्या एका प्रोग्रॅमशी. टॉप्स-२० ची वाट वेगळी आहे. ती बीबीएन या कंपनीच्या टेनेक्समधून आली असल्यामुळे डेकचीच असूनही तिचा प्रॉम्प्ट ‘@’ आहे. आरएसएक्स-११ मध्ये ‘>’ आहे, आणि १९७७ साली व्हॅक्स यंत्राबरोबर आलेल्या व्हीएमएसमध्ये ‘$’.

युनिक्सच्या बाजूला सहाव्या आवृत्तीच्या, म्हणजे १९७५च्या, शेलमध्ये (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) साध्या वापरकर्त्याला ‘%’ आणि सर्वाधिकारी वापरकर्त्याला ‘#’ दिसत असे. १९७९च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला आणि त्याने ‘$’ आणला. अपुरी ओळ पुढे चालू ठेवण्यासाठी त्याने ‘>’ हे दुय्यम चिन्ह ठेवले. बिल जॉय यांच्या सी शेलने ‘%’ सांभाळले. आज लिनक्सवर बॅशमध्ये ‘$’ दिसतो आणि २०१९ पासून मॅकवर झेडशेलमध्ये ‘%’ दिसतो, तो भेद त्या काळापासूनचा आहे. ‘#’ मात्र दोन्हीकडे एकाच अर्थाने टिकला, आणि तो दिसताच हात आवरावा हे प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी शिकले पाहिजे, कारण तेथे यंत्रणा कोणत्याही फाइलीबाबत अडवणार नाही.

आता फसगतीच्या जागा. डॉलर व्हीएमएसमध्ये आहे आणि युनिक्समध्येही आहे, आणि या दोन यंत्रणांची कमांडची रीत पूर्ण वेगळी आहे. ‘>’ हे चिन्ह आरएसएक्समध्ये आहे, सीपी/एम आणि एमएस-डॉस या छोट्या संगणकांवरील जुन्या प्रणालींत ड्राइव्हच्या अक्षरापुढे आहे, युनिक्समध्ये ओळ अपुरी असल्याची खूण म्हणून आहे, आणि ज्या बीबीसी मायक्रोवर १९८४ साली भारत सरकारच्या क्लास प्रकल्पातून शाळांत संगणक शिकवण्यास आरंभ झाला, त्याच्या बेसिकमध्येही आहे. जुन्या युनिक्समध्ये तर एकच चिन्ह कोणी उमटवले यावर त्याचा अर्थ ठरत असे: यंत्राने छापलेला ‘#’ सर्वाधिकार सांगे, आणि माणसाने टंकलेला ‘#’ आधीचे एक अक्षर खोडे, तसेच माणसाने टंकलेला ‘@’ पूर्ण ओळ रद्द करी. कागदावर छापलेले अक्षर पुसता येत नाही, म्हणून खोडल्याची खूणही छापूनच करावी लागत होती. म्हणून प्रॉम्प्ट हा पुराव्याचा अर्धा भाग मानावा आणि उरलेला अर्धा ऑप्शनच्या चिन्हात शोधावा.

तिसरी पायरी: ऑप्शनचे चिन्ह

ढोबळ विभागणी अशी करता येते. स्लॅश म्हणजे डेकचे घराणे आणि त्याच्या प्रभावाखालचे एमएस-डॉस व विंडोज. हायफन म्हणजे मल्टिक्स आणि युनिक्स. उघडा कंस म्हणजे आयबीएमचे सीएमएस; तेथे ‘लिस्टफाइल’ कमांडपुढे फाइलीचे वर्णन येते, मग एक डावा कंस आणि त्यानंतर सगळे ऑप्शन, आणि तो कंस बंद करण्याची गरज नसते. चौकटी कंस दिसले तर सीपी/एमचा पिप हा प्रोग्रॅम असावा. पिप हे नाव डेककडून आले आहे, आणि त्यात नक्कल जेथे करायची ते ठिकाण डावीकडे आणि मूळ फाइल उजवीकडे, मध्ये बरोबरचे चिन्ह, अशी उलटी वाटणारी मांडणी आहे. मूळ फाइल आधी लिहिण्याची सवय असलेल्याने तेथे विशेष जपावे.

हायफन आणि स्लॅश हीच दोन चिन्हे का टिकली असावीत? मॉडेल ३३ च्या कीबोर्डवर टिंब, स्लॅश आणि हायफन ही चिन्हे शिफ्ट न दाबता उमटत. डॉलर, टक्का, तारका, ‘#’, ‘@’ आणि ‘>’ यांना शिफ्ट लागे. त्या कळा जड होत्या. प्रॉम्प्ट यंत्र छापते, त्यामुळे तेथे कोणतेही चिन्ह चालते. ऑप्शन माणसाला दिवसातून अनेकदा टंकावा लागतो. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की, माणसाच्या वाट्याला आलेली चिन्हे सोपी असणे हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत सीएनसी यंत्र चालवणाऱ्या वाचकांना याच काळातील दुसरी एक रूढी परिचित असेल. जी-कोडच्या, म्हणजे यंत्राला हालचाली सांगणाऱ्या भाषेतल्या, प्रोग्रॅमच्या आरंभी आणि शेवटी ‘%’ असते, आणि ओळीच्या आरंभी ‘/’ असेल तर नियंत्रणफलकावरील ब्लॉक स्किपचे बटण चालू असताना ती ओळ यंत्र वगळते. ती रूढी कागदी फितीच्या काळातली आहे. तेथेही एका साध्या चिन्हावर ‘हवे तर करा, नको तर सोडा’ हा अर्थ बसवला गेला, आणि फिती गेल्या तरी चिन्हे राहिली.

स्लॅशची वाट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. टॉप्स-१० मध्ये ऑप्शन स्लॅशने जोडले जात. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ साली अल्टेअरसाठीचे बेसिक हार्वर्डमधील पीडीपी-१० वर तयार केले, आणि पुढे मायक्रोसॉफ्टने सीपी/एमसाठी विकलेल्या असेंब्लर व लिंकर या साधनांत स्लॅशचेच ऑप्शन होते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला तेव्हा त्याच्या डॉसमध्ये ‘फॉरमॅट /एस’ अशी कमांड होती. त्या आवृत्तीत डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी नव्हती, त्यामुळे स्लॅशला दुसरे काही काम नव्हते. मार्च १९८३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने युनिक्सकडून डिरेक्टरींची उतरंड घेतली आणि पेच उभा राहिला: युनिक्समध्ये डिरेक्टरींची नावे ज्या स्लॅशने वेगळी होतात तो स्लॅश येथे ऑप्शनसाठी आधीच खर्ची पडला होता. म्हणून उलटा स्लॅश स्वीकारण्यात आला. विंडोजच्या प्रत्येक पत्त्यात दिसणारे ‘\’ हे चिन्ह या एका अडचणीतून आले आहे. मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीत ‘स्विचार’ नावाची सोयही ठेवली होती, ‘कॉन्फिग.सिस’ या फाइलीत ती लिहून ऑप्शनचे चिन्ह हायफन करता येत असे. ३.० पासून ती ‘कॉन्फिग.सिस’मधून गेली. डॉसचा गाभा मात्र पत्त्यात दोन्ही स्लॅश स्वीकारतो. अडवणूक होते ती कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमांकडून.

हायफनची वाट अशी. मल्टिक्समध्ये ऑप्शन हायफनने सुरू होत आणि बहुतेकांना लांब व आखूड अशी दोन रूपे असत; ‘-ब्रीफ’चे आखूड रूप ‘-बीएफ’. बेल लॅब्जने १९६९ साली मल्टिक्स प्रकल्प सोडला, आणि तेथे काम केलेल्या केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स उभारले. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये ‘एलएस’ला हायफनसह एकेका अक्षराचे ऑप्शन आहेत. परंतु युनिक्स सुरुवातीपासून एकसारखे नव्हते, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो याच जागी. ‘टार’ला हायफनशिवाय अक्षरे चालतात. ‘फाइंड’ला हायफननंतर पूर्ण शब्द लागतो. ‘डीडी’मध्ये बरोबरचे चिन्ह वापरून ‘आयएफ=’ आणि ‘ओएफ=’ लिहावे लागते, आणि ते आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील जेसीएल भाषेतील डीडी विधानाची आठवण करून देते. ‘एसटीटीवाय’मध्ये हायफन म्हणजे ती गोष्ट बंद करा, तर शेलच्या ‘सेट -एक्स’मध्ये हायफन म्हणजे चालू करा आणि ‘सेट +एक्स’ म्हणजे बंद करा. प्रत्येक प्रोग्रॅम आपले ऑप्शन स्वतःच वाचत होता, म्हणून ही विविधता आली. एटी अँड टीने ‘गेटऑप्ट’ हे सामाईक साधन दिल्यावर शिस्त वाढली, आणि जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने दोन हायफनांचे लांब ऑप्शन रूढ केले.

दोन हायफन एकटेच लिहिले तर त्यांचा अर्थ ‘येथे ऑप्शन संपले’ असा होतो. एखाद्या फाइलीचे नावच हायफनने सुरू होत असेल तर ती ‘आरएम’ने काढताना आधी हे दोन हायफन आणि मग नाव लिहावे, किंवा नावापूर्वी ‘./’ जोडावे. दुसरा उपाय जुन्या यंत्रणांवरही चालतो, म्हणून तो अंगवळणी पाडलेला बरा.

चौथी पायरी: निरुपद्रवी कमांडने खात्री करावी

अनोळखी यंत्रणेवर चाचणी नेहमी यादी दाखवणाऱ्या कमांडने करावी, खोडणाऱ्या किंवा फॉरमॅट करणाऱ्या कमांडने कधीही नाही. सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे ऑप्शन मोकळी जागा न सोडता जोडून लिहिणे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिर/डब्ल्यू’ सलग लिहिले तरी चालते, कारण डेकच्या रीतीप्रमाणे स्लॅश स्वतःच आधीचा शब्द संपवतो. व्हीएमएसमध्येही ‘डिरेक्टरी/साइज’ असे जोडूनच लिहितात. युनिक्समध्ये ‘एलएस-एल’ सलग लिहिले तर त्या नावाची कमांड सापडत नाही, कारण तेथे हायफन हे नावातले एक साधे अक्षर आहे आणि शब्द वेगळे होतात ते मोकळ्या जागेनेच. डॉलर पाहून युनिक्स की व्हीएमएस असा संशय आला तर ही एक चाचणी पुरते.

मदत मागण्याची रीतही घराणे सांगते. ‘/?’ ही सोय एमएस-डॉसच्या ५.० आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून सर्वत्र मिळते. युनिक्समध्ये ‘मॅन’ आणि जीएनयूच्या प्रोग्रॅमांत ‘--हेल्प’. व्हीएमएस आणि सीएमएसमध्ये ‘हेल्प’ हा शब्द. पॉवरशेलचा अपवाद लक्षात ठेवावा: २००६ साली आलेला तो विंडोजचा शेल असला तरी त्याचे ऑप्शन हायफनने सुरू होतात.

पाचवी पायरी: जुनी यंत्रणा प्रत्यक्ष चालवावी

वाचून झालेले पक्के करायचे असेल तर सिम्ह हा मोफत एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्यावा. बॉब सुपनिक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प पीडीपी-११ सह अनेक जुनी यंत्रे आजच्या साध्या लॅपटॉपवर चालवतो. युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्या २००२ साली कॅल्डेरा कंपनीने खुल्या परवान्याखाली दिल्या, त्यामुळे सहाव्या आवृत्तीच्या डिस्क-प्रतिमा युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहातून कायदेशीरपणे मिळतात.

पीडीपी-११ चा एम्युलेटर सुरू केल्यावर प्रथम ‘सिम>’ दिसते. हा एम्युलेटरचा स्वतःचा प्रॉम्प्ट आहे, युनिक्सचा नव्हे. तेथे ‘सेट सीपीयू ११/४०’ लिहून प्रोसेसर ठरवावा, ‘अटॅच आरके०’ आणि त्यापुढे प्रतिमेच्या फाइलीचे नाव देऊन डिस्क जोडावी, आणि ‘बूट आरके०’ द्यावे. आता ‘@’ दिसेल. तो बूट करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा आहे आणि कोणती फाइल चालवू असे विचारतो; प्रतिमेनुसार ‘युनिक्स’ किंवा ‘आरकेयुनिक्स’ टंकावे. मग ‘लॉगिन:’ येईल. तेथे ‘रूट’ लहान अक्षरांतच टंकावे, कारण मोठ्या अक्षरांत टंकल्यास यंत्रणा समोर केवळ मोठी अक्षरे असलेले टर्मिनल आहे असे मानते. सगळे मोठ्या अक्षरांत उमटू लागले तर ‘एसटीटीवाय -एलकेस’ द्यावे. शेवटी ‘#’ येतो. अशा रीतीने एका मिनिटात आपण तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमांचे तीन प्रॉम्प्ट पाहिलेले असतात. तेथे ‘सीडी’ चालत नाही, ‘सीएचडिर’ पूर्ण लिहावे लागते. आणि चुकलेले अक्षर बॅकस्पेसऐवजी ‘#’ने खोडावे लागते.

डॉससाठी डॉसबॉक्स हा एम्युलेटर पुरेसा आहे. तो ‘झेड:\>’ या प्रॉम्प्टने सुरू होतो. तेथे ‘प्रॉम्प्ट’ या कमांडपुढे ‘$एन$जी’ लिहून पाहावे. केवळ ड्राइव्हचे अक्षर आणि ‘>’ उरेल, आणि आरंभीच्या डॉसचे रूप समोर येईल. डिरेक्टरी बदलली तरी आपण कोठे आहोत हे त्यातून कळत नाही. म्हणूनच त्या काळी प्रत्येक जाणता वापरकर्ता ‘ऑटोएक्झेक.बॅट’मध्ये ‘प्रॉम्प्ट $पी$जी’ ही ओळ घालत असे. पुढे तेच रूप विंडोजमध्ये कायम झाले. एमएस-डॉसच्या १.२५ आणि २.० आवृत्त्यांचा मूळ कोड मायक्रोसॉफ्टने २०१४ साली कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत खुला केला आहे. असेंब्ली भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यात स्विचारचे काम स्वतः शोधून काढावे.

लिनक्सवर बॅशमध्ये ‘पीएस१’ या व्हेरिएबलला हवा तो मजकूर देऊन प्रॉम्प्ट मराठीतही करता येतो: पीएस१='बेळगाव\$ ' असे लिहिले की ओळ आपल्या गावाच्या नावाने सुरू होते. उलट्या स्लॅशसह डॉलर लिहावा, म्हणजे साध्या वापरकर्त्याला ‘$’ आणि सर्वाधिकाऱ्याला ‘#’ आपोआप दिसतो. काही टर्मिनलांत मात्रांमुळे रुंदीचा हिशेब चुकून कर्सर सरकलेला दिसतो. तसे झाल्यास देवनागरी नाव वरच्या ओळीत ठेवून त्यानंतर ‘\एन’ने नवी ओळ घ्यावी आणि चिन्ह तेवढे खालच्या ओळीत ठेवावे. प्रॉम्प्ट पसंत पडला की ती ओळ घरच्या डिरेक्टरीतील ‘.बॅशआरसी’ या फाइलीच्या शेवटी लिहावी. त्या नावातील शेवटची दोन अक्षरे सीटीएसएसमधील ‘रनकॉम’ या सोयीवरून आली आहेत. कमांडची मालिका फाइलीत लिहून एकदम चालवण्याची ती सोय लुई पूझां यांनी केली होती.